न झालेल्या पुलाचं भाषण

हसू नका, पण माझं भाषण कोणीतरी चोरलंय असंच मला आधी वाटलं होतं.

भंडाऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेला दोन दिवस उरले होते. विषय मीच निवडला होता, आमच्या गावच्या नाल्यावर न झालेला पूल. हे भाषण ऐकल्यावर पूल होणारच, अशी माझी खात्री होती. शनिवारी रात्रीच लिहिलं होतं आणि कोणाला दाखवलंही नव्हतं.

रविवारी दुपारी गावच्या रिकाम्या शाळेत सराव सुरू केला. ऐकायला फक्त खिचडी शिजवणाऱ्या सिंधूमावशी होत्या, सोमवारचे तांदूळ निवडत बसलेल्या.

"आम्ही भीक मागत नाही," मी हात उचलून म्हणाले.

"आम्ही वाट मागतो," मावशी मान वर न करताच म्हणाल्या.

माझं पुढचं वाक्य नेमकं तेच होतं.

"मावशी, माझी वही वाचली का तुम्ही?"

"मले कुठं वाचता येते, बाई?"

"मग हे कसं माहीत?"

"तुहा बाप हेच बोलला होता, याच पुलासाठी, शाळेत होता तवा. इथंच उभा राहून. हात बी असाच उचलला होता. पयला नंबर आला होता त्याचा."

बाबा आणि भाषण? ते कशाबद्दलच बोलत नाहीत, म्हणून तर मला त्यांचा राग येतो.

तशीच घरी गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, जरा वेळ मोजा," म्हटलं आणि सुरुवात केली.

त्यांनी टीव्हीवरून नजर हटवली नाही. पण त्यांचे ओठ हलत होते, माझ्यापेक्षा एक शब्द पुढे.