पांढरा गाल

आमचं गाव टेंभुर्णी. चार भाऊ, जमीन पुरंना, म्हणून एक्क्याऐंशी साली जालन्याला एका स्टुडिओत कामाला लागलो अन् मंग गावातच दुकान टाकलं. तवा रोलचा कॅमेरा. काय सांगू तुम्हाला, आमची माणसं उन्हातानातली, सावळी, अन् फोटोला यायची पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून, मंग कपडे झकास अन् चेहरा काळाठिक्कर. स्टुडिओचे मालक म्हणायचे, बिनधास्त उजेड जास्त घे, निगेटिव्ह झेलून घेती, प्रिंट काढताना सावरता येतं. वीस वर्षं तसंच केलं, हाताला सवयच लागली.

बायको माझी, सुमन, कधी फोटोला उभी राहायची न्हाई. मी काळी, माझ्यावर रोल कशाला वाया घालता, म्हणायची. लग्नातल्या फोटोतबी पदर नाकापर्यंत. मी म्हणायचो राहू दे, अन् ते राह्यलंच.

मंग डिजिटल कॅमेरा घेतला. पोरगा म्हणला, आता रोल न्हाई, चुकलं तर कंप्युटरवर नीट करता येतं. मंग सुमनला म्हणलं ये, आता वाया जायला काहीच न्हाई. दारात उभी राह्यली, एका अंगानं दुपारचं ऊन, अन् मी आपला सवयीनं उजेड वाढवला. एक गाल पांढराफटक. दुसरा फोटो काढायला पाहिजे होता, मला दिसत होतं. पण तिनं कॅमेऱ्यात बघितलं अन् म्हणली, अगं बया, मी गोरी दिसून राह्यले. खूश होऊन आत गेली. मी म्हणलं, बघू नंतर कंप्युटरवर.

चार महिन्यांनी ती गेली. तापाचं निमित्त.

तेराव्याला फोटो पाहिजे म्हणून जालन्याला लॅबमधी गेल्तो. लॅबवाल्यानं लई खटपट केली. म्हणला, काका, अंधारातला चेहरा वर काढता येतो, पण पांढऱ्यात काही उतरलंच न्हाई, मी आणू कुठून. मंग म्हणला, गाल नवा भरून देतो, काही खूण होती का? मी म्हणलं, होती, तीळ होता. कुठं? म्हणला. माऊस धरून थांबला. कानाकडं का ओठाकडं, मला सांगता येईना. पंचवीस वर्षांचा संसार आमचा.

म्हणलं, राहू द्या. आहे तसाच काढून द्या.

तोच लावलाय भिंतीवर. खरं सांगतो, बघून रडूबी येत न्हाई, काहीच वाटत न्हाई. दुकान चालू आहे, पासपोर्टचे, लग्नाचे. आता मी उजेड कमीच घेतो. बराबर येतात फोटो, सगळ्यांचे.