बाबांनी फुकट दिलेली भाषा

हे मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरलंय. आईला तर अजिबात कळता कामा नये.

बाबांनी घरी एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा लिहिली होती. कुणीही ती फुकट घेऊन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावी, म्हणजे लहानसहान बदल गिऱ्हाईक स्वतःच करू शकतं. बाबांनी हौसेने ती आपल्याच कंपनीत बसवून दिली. तिथे गिऱ्हाइकांना असे बदल करून देणं हेच बाबांचं काम होतं. मग काय, ले-ऑफ. या महिन्यात दुसरा जॉब मिळाला नाही तर व्हिसा संपून आम्ही नागपूरला.

गेल्या सोमवारी दोन वाजता त्यांचा फोनवर इंटरव्ह्यू होता. पावणेदोनला जुन्या कंपनीच्या एका गिऱ्हाइकाची ईमेल आली. "पूर्वी कंपनीच्या इंजिनियरची आठवडाभर वाट बघायचो. तुमच्या भाषेमुळे आता त्याची गरजच नाही. थँक यू! फक्त एक बग सापडलाय."

"बाबा, तो इंजिनियर तुम्हीच ना?"

"हो गं. पण बग खरा आहे."

ते बग काढायला बसले. दोन वाजता त्यांच्या हाताशी ठेवलेला फोन वाजला.

"बाबा, इंटरव्ह्यू!"

"दोन मिनिटं थांब, सापडतोय."

फोन वाजून वाजून थांबला. नंतर बाबांनी लावला, तर ते लोक "कळवतो" म्हणाले. बग मात्र निघाला.

"आईला काय सांगू?"

"त्यांचा फोन आलाच नाही म्हण."

मी तसंच सांगितलं. तेव्हापासून आई त्या लोकांना नावं ठेवत खोके भरतेय, आणि तिच्या शेजारी बसून टेप लावताना मी रोज ठरवते की आज तरी तिला... आले गं आई!