‘पाचट’मधला डावा हात

‘गोणपाटाच्या आत कोण होतं, हे या घरात विचारायचं नाही’ — नियम म्हणजे एवढाच, सौरभ, आणि तो मला चौथीपासून पाठ आहे, त्यामुळे तुम्ही तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारलात तरी — नाही नाही, कॅमेरा चालू राहू दे, मला काही अडचण नाही. अडचण त्यांना आहे. हे माझे संपतकाका, तुमच्या सिनेमाच्या डिस्कच्या डब्यावर ‘खुनी’ म्हणून ज्यांचं नाव छापायला निघालात ते. आणि दाराशी उभी आहे ती माझी आई, हिरा. ती बसणार नाही. पाहुणे असले की ती बसत नाही. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

तर तुम्हाला माझ्याकडून एक वाक्य हवंय. ‘पाचट’चे तिन्ही भाग, नव्वदच्या दशकातले, तुमच्या कंपनीनं निगेटिव्हवरून धुऊनपुसून काढले, ब्लू-रे करताय, आणि नवा ‘पाचट’ थिएटरला लागायच्या आत ते बाजारात यायला हवेत. बरोबर? छान आहे. उसाच्या फडातून तोंडावर गोणपाट बांधलेला माणूस येतो, हातात कोयता, आणि खाली वाळलेल्या पाल्याचा एवढा थर असून त्याच्या पावलाचा आवाज येत नाही — झाली स्टोरी. खडकीच्या व्हिडिओ पार्लरात लोक उभे राहून बघायचे म्हणे. पण कॅसेटवर तेव्हा दिसायचं काय? मुंग्या. खुनी आला की मुंग्यांमधला एक काळा डाग हलायचा. आता तुमच्या त्या जाहिरातीच्या क्लिपमध्ये उसाच्या पात्यावरची कुसंसुद्धा मोजता येतात — आणि डाव्या मनगटावरचा हिरवा विंचू. गोंदलेला. कुणीतरी तो थांबवला, मोठा केला आणि नेटवर विचारलं, खुन्याच्या हातावर बायकांचं गोंदण कसं काय बुवा? झाली तुमची पळापळ. तुमचा एक माणूस म्हणे आता एकेक फ्रेम घेऊन विंचू पुसत बसणार, आणि त्याआधी घरातल्या कुणीतरी कॅमेऱ्यासमोर सांगायचं, की आत संपतकाकाच होते. त्याशिवाय तुमचे वकील नाव छापू देत नाहीत, तुम्हीच फोनवर म्हणालात. काका सांगायला बसले होते मगाशी. बघितलंत ना? तीन वेळा पाणी प्यायले. म्हणून मग मला, मैत्रीला बोलवा, मैत्री शिकलेली आहे, मैत्री शुद्ध बोलते.

आई, हात पदरात घेऊन आता उपयोग नाही. पाहिलाय त्यांनी.

काय झालं होतं ते मी सांगू? काका, तुम्ही थांबा. पहिल्या दिवशी काका गोणपाट बांधून फडात शिरले आणि दहा मिनिटांत अंगभर पित्त उठलं. ओठ एवढे! रिक्षात घालून नेलं. फड कुठला? हाच. या मांजरी गावात तेव्हा सगळीकडे ऊसच होता, आपण बसलोय त्या बिल्डिंगच्या जागी माझी आई ऊस तोडायची. तेवीस वर्षांची, उंच, डावखुरी, आणि फडात अशी चालायची की मुकादमाला ती कुठल्या सरीत आहे ते कळायचं नाही. डायरेक्टरनं तिला गोणपाट बांधलं. एका दिवसापुरतं. मग तिन्ही भाग तिनंच केले. पण बाई आहे कळलं तर घाबरणार कोण? म्हणून नियम. आणि पोस्टरवर काका. गणपतीत मांडवात बोलावून सत्कार व्हायचा त्यांचा, नारळ, शाल — आई खुर्च्यांच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. मी पाहिलंय.

आता तुम्हाला वाटतंय, मुलगी आईसाठी भांडतेय. वाटू द्या, चांगलं दिसतं ते.

अपेक्षाला भेटलात तुम्ही? काकांची मुलगी, नव्या ‘पाचट’मधली खुनी. यात बाई चालते, आता फॅशन आहे. मुलाखतीत काय म्हणाली ऐकलंत? ‘बाबांची चाल माझ्या रक्तातच आहे.’ रक्तात! बाबांच्या रक्तात पित्त आहे. चाल कुणी शिकवली तिला? आमच्या गच्चीवर, दोन महिने, रोज संध्याकाळी. मी ऑफिसातून यायचे तर घराला कुलूप, वर जाऊन बघावं तर आईनं सगळ्या गच्चीभर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली आणि अपेक्षा त्यावरून चालतेय. ‘टाच नको टेकवू. पायाची बाहेरची कड आधी, मग वजन सोड. पाय उचलू नकोस गं, काढून घे.’ कमरेला धरून शिकवत होती. मला तिनं कमरेला धरून सायकलसुद्धा शिकवली नाही. कागद वाजला की दोघी हसायच्या. मी दाराआड उभी असायचे, मला वाटतं आठ-दहा दिवस तरी — नाही, रोज. रोज उभी असायचे.

मला का नाही शिकवली? चांगला प्रश्न आहे. विचारलं होतं तिनं. अकरावीत होते, गॅदरिंगला आमचं नाटक होतं, म्हणाली, ये, तुला एक चाल दाखवते, हॉल गप्प होईल. मी म्हणाले — जाऊ दे, काय म्हणाले ते महत्त्वाचं नाही. म्हणाले, ‘तू नाटकाला आलीस तर लांब बाह्यांचं ब्लाऊज घालून ये, माझ्या मैत्रिणी असतात.’ आलीच नाही ती. हे रेकॉर्ड झालं का? होऊ दे.

आणि झालंच आहे तर पुढचंही घ्या. या रोलची ऑडिशन मीसुद्धा दिली होती. घरात कुणाला माहीत नाही — आता झालं. एका खोलीत पाचट अंथरलं होतं, चालून दाखवा म्हणाले. पहिल्याच पावलाला असं कर्रकन वाजलं की तो मुलगा कागदावरून मान वर न करता ‘थँक्यू’ म्हणाला. बाहेर बाकावर अपेक्षा होती. माझ्यानंतर ती आत गेली आणि मी दाराला कान लावला. काही ऐकू आलं नाही. काहीच नाही. तेव्हाच समजलं, रोल तिला गेला.

हो, जळते मी. उद्या तिचा रोल गेला तर मला आनंद होईल, तेही लिहून घ्या. पण म्हणून खोटं आहे ते खरं होत नाही ना?

काय काका? ‘मोठ्यांनी ठरवलंय, तू फक्त एक वाक्य बोल’? कुठल्या मोठ्यांनी? आणि आई, तू काय म्हणालीस? मोठ्यानं म्हण, माइक तिकडे आहे. नको? मी सांगते, सौरभ. ती म्हणतेय, ‘पुसू दे गं, पोरीचं चांगलं होतंय.’

कुठल्या पोरीचं, आई?

नाही. मी नाही म्हणणार. मगाशी बोलून गेले खरं, पण डब्यावर तुझं नाव छापा असं मी म्हणणार नाही, ते तुला सांगायचं तर तू सांग, नाहीतर नको सांगूस, हात तुझा आहे. पण आत काका होते, हे माझ्या तोंडून येणार नाही. आज नाही, उद्या नाही, अपेक्षा स्वतः येऊन पाया पडली तरी नाही. काका, बोला ना. ओरडा. आई?

चला, सौरभ, आवरा ते सामान. खाली वॉचमनकडे वहीत निघाल्याची वेळ लिहावी लागते, विसरू नका.