भाजलेली सुकट

पनवेलच्या यष्टी स्टँडवर उरणच्या गाडीची रांग होती. माझ्यापुढे रिकाम्या पाट्या घेतलेल्या दोन कोळणी.

“भामा, तीन वर्सं विलायतेत कसा राहिला गो तुजा आनंदा?”

“कसा राहनार! मी दिलेली सुकट भाजली, तर घरमालकीण भर बर्फात खिडक्या उघडून बसली. नाकाला रुमाल लावून!”

“अगो बाय!”

“कुत्रा तिच्या आंथरुणात. आंघोळ आठवड्यातून एकदा. आन वास कुनाचा, तर आमच्या सुकटीचा!”

“शिकलेली मानसं म्हनं.”

“डोंबल शिकलेली! मासळी नुसत्या पान्यात उकडतात.”

“जाऊ दे. आता घरी आलाय, तर घाल पोटभर सुकट.”

“काल घेतली भाजायला.”

“मंग?”

“मंग काय? खिडक्या त्यानंच उघडल्या.”