येलदरीच्या क्लबातलं टेबल

येलदरीला धरणाच्या कॉलनीत होतो ना, तेव्हाचं सांगतो. इंजिनिअर लोक बदलून गेले आणि क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलावर खेळणारा मी एकटाच उरलो. माझा बॉल नेहमी कोपऱ्यातल्या भोकाच्या दोन्ही कडांवर आपटून परत यायचा. एका संध्याकाळी चौकीदार सोपानराव दारातूनच म्हणाले, "साहेब, भोकाचं तोंड अरुंद हाय आन् तुमी लय जोरात मारायलाव. हळू सोडा."

हळू सोडला, तर अलगद आत!

मी ओरडलोच, "सोपानराव, या, आता दोघं खेळू!"

"न्हाई साहेब, आज रिटायर झालो. क्लबाची किल्ली द्यायला आलतो."

दोन वर्षं ते रोज मला दार उघडून देत होते. मी त्यांना 'या' कधी म्हटलंच नव्हतं.