अंगणवाडीत जमा झालेली हत्यारं

“हॅलो? …कोण? अपूर्वा मॅडम! बोला, बोला… थांबा, खिडकीशी येते, हितं रेंज जाती… हां, आता बोला.”

घोटावड्याच्या अंगणवाडीच्या शारदाबाई एका हातानं मोबाइल कानाशी धरून दुसऱ्या हातानं कुऱ्हाड बाजूला सारत होत्या. पुण्याच्या संस्थेतल्या अपूर्वा मॅडम परवाच गावात येऊन बायकांना घरातल्या मारहाणीविरुद्धचा नवा कायदा सांगून गेल्या होत्या. आज त्यांना अहवालासाठी फक्त हजेरीचा आकडा हवा होता. बिचाऱ्यांना काय कल्पना!

“साठ लिवा… परिणाम? आवो, लई झाला. इतका झाला की पोरांना बसाया जागा न्हाई… न्हाई न्हाई, बायकांनी न्हाई भरली अंगणवाडी. हत्यारांनी… हत्यारांनी! …आता तुमीच सांगितलं न्हाई का, धमकी आली की रक्त सांडायची वाट बघू नका, आधी हत्यार घराबाहेर जाऊ द्या, जमा करा म्हणून? …पोलिसांनी? पोलिसांनी जमा करायचं व्हय? …ते तुमी शेवटाला सांगितलं मॅडम, तवर निम्म्या बायका घरी पळाल्या व्हत्या.”

“काय काय आलंय? विळे चाळीस, कोयते अकरा, कुऱ्हाडी, मुसळ, क्रिकेटची बॅट, एक पाट… पाट, पाट. बसायचा. नवरा फेकून मारतो तिला… समद्याला नंबर घालून चिठ्ठ्या लावल्यात मी. एकोणतीस नंबर साळूबाई… न्हाई, हत्याराचं नाव न्हाई, बाईचं. भागूबाईची सासू. भागूबाईनं हाताला धरून आणून बसवली. म्हणती, हात नवऱ्याचा, पण फूस हिची, जमा करून घ्या… हाय की अजून. चा पितीय. वर पावती मागतीय.”

शारदाबाईंना हसू आवरत नव्हतं आणि काळजीही सुटत नव्हती. शेतात भात कापणीला आलं होतं, मजूर सांगून ठेवलेले, आणि गावातले गडी सकाळपासून आपापले विळे-कोयते परत मागायला रिकाम्या हातानं अंगणात रांग लावून उभे. हा सगळा तमाशा त्यांनी सोसला असता. पण परवाची सभा त्यांनी मुळात जिच्यासाठी बोलावली होती, ती नंदा भिंतीला टेकून गप्प उभी होती.

“नंदाचं? …तेच सांगतीया, ऐका ना. हळू बोलते, हितंच उभी हाय ती… तिच्या नवऱ्यानं, विलासनं, रस्त्याकडची जमीन बिल्डरला इकली ना, तवापासनं कमरंला पिस्तूल… परवाना हाय, म्हणून तर! रोज तिच्या कपाळाला लावतो आन मग जेवाया वाढ म्हणतो… समद्या आळीला म्हाईत हाय. पण सांगणार कोण? जेसीबी त्याचा, पाण्याचा टँकर त्याचा… न्हाई, पिस्तूल न्हाई आणलं तिनं. ते कमरंचं सुटतंय व्हय? तलवार आणली. सत्कारात फेट्यासंगट देत्यात, ती.”

“मग? मग मी पोलिसांना अर्ज लिवला. विलास बायकोला पिस्तुलाचा धाक दाखवतो हे आमाला ठावं हाय, परवाना काढून घ्यावा, असा. आन दारात टेबल टाकलं. सही करा, विळा न्या… फसवणूक? आवो, मोठ्यांदा वाचून दाखवला! रांगेत पहिला उभा कुशाबा, त्यानं तर दोनदा वाचाया लावला. वाचला, आन समद्यांच्या माना खाली. भात झडाया लागलंय, पण पेन कुणी हातात धरंना… ऐका की पुढं!”

“पुढं विलासच आला की… सोता, सोता! गाडीतनं. आज त्याचा वाढदिवस हाय, संध्याकाळी तलवारीनं केक कापायचाय म्हणं. तलवार द्या… छ्या, तो कशाला रांगेत थांबतोय, थेट टेबलाशी. मी म्हणलं, सही केल्याबिगर काय बी मिळत न्हाई… केली! …आवो, न वाचता! जमिनीच्या यवारापासनं सवयच लागलीय, कागुद दिसला की सही. चांगली लफ्फेदार. खाली मोबाइल नंबर बी लिवला… सांगतंय कोण? एकानं तोंड उघडलं न्हाई. तो गेला तलवार घेऊन, आन कुशाबा म्हणला, ज्याचं पिस्तूल त्याचीच हरकत न्हाई तर आमची कशाला! चौतीस सह्या झाल्यात मॅडम, चौतीस!”

“…आं? …सह्या पुऱ्या न्हाईत? …तक्रार कुणी सांगायची, तिनं सोता? …आत्ता? …आवो, ती माझ्याशी बी धड बोलत न्हाई… व्हय, ते बी खरं. कुणीतरी त्याला सांगंलच, वेळ कुटं हाय… बरं. बरं, इचारते. …नंदे, घेतीस का गं?”

शारदाबाईंना वाटलं, ही आता मान हलवून निघून जाणार. दोन वर्षं तेच तर चाललं होतं. पण नंदानं हात पदराला पुसले, पुढं आली आणि मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

“हॅलो… मी नंदा. …व्हय. …व्हय, पिस्तूल भरलेलं असतं. …पोरगी बघती ना, तिच्याम्होरंच. …न्हाई, पोलिसांत कदी न्हाई गेले. …काय? …गोळी? …न्हाई वो मॅडम, अजून झाडली न्हाई. …झाडली असती तर फोनवर मी कशी असते?”

शारदाबाईंनी जमा झालेला पाट उचलून तिच्याजवळ बसायला ठेवला.

“हॅलो? …मॅडम? …हॅलो, हाय का तुमी? …मग लिवा ना. पहिल्यापासनं सांगते… लिवा… व्हय… व्हय, माझ्याच नावानं… झालं? …मग आजच या, संगट पोलिसांत जाऊ. ठेवते.”