रेकॉर्डमधली आरोळी

आणि वर मलाच विचारतात, तुम्हाला ती पुस्तिका वाचायची गरज काय होती? अहो, पुस्तिका आहे, छापलेली आहे, माणसं छापतात कशाला, वारा घ्यायला? चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात कारकुनी केली मी, कागद हातात आला की वरच्या तारखेपासून खालच्या तळटीपेपर्यंत वाचायचा, ही सवय. बायको म्हणते, ‘तुम्ही ताईच्या घरात काडी लावलीत.’ मी? तुम्हाला सांगतो, माझा काय संबंध?

मूळ प्रकरण आमच्या साडूंचं. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर नकाशे काढले, निवृत्त झाले, केस गेले, दात जाताहेत, पण त्यांची एक आरोळी म्हणे अमर आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एक रॉक बँड इथल्या सभागृहात वाजवून गेला, त्याची रेकॉर्ड निघाली, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, दोन गाण्यांच्या मधे, ड्रमवाला सुरू करायला जरा उशीर करतो तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडतं, ‘अरे, झोपलास काय!’ आणि ड्रमवाला पुढे असं काही बडवतो की विचारू नका. तो ओरडणारा म्हणजे आमचे साडू. ही आरोळी ऐकवून त्यांनी स्वतःचं लग्न जमवलं. सासूबाई असेपर्यंत घरात कुणीही आलं की, ‘आमच्या थोरल्या जावयांचा आवाज रेकॉर्डवर आहे हो... धाकट्यांची सही असते, पाण्याच्या बिलावर.’ सगळे हसायचे. मीही हसायचो. तीस वर्षं हसलो, सोपं नाही ते.

तर दर रविवारी सकाळी दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत, ह्यांची बैठक. डॉक्टर, शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला आणि साडू. कपाटाएवढे दोन स्पीकर, त्यांच्या बरोबर मधे एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत साडू, कारण रेकॉर्डवर आवाज त्यांचा. काम काय? तर त्या एकाच कार्यक्रमाच्या जितक्या आवृत्त्या निघाल्या तितक्या एकामागून एक लावायच्या आणि भांडायचं. पहिली रेकॉर्ड बेचाळीस मिनिटांची, तेवढंच मावायचं म्हणून बाकीचं कापलेलं. मग सीडी, दोन गाणी जास्त, पण गिटारवाल्याची चूक पुसून टाकलेली. मग कुणीतरी कोटात टेपरेकॉर्डर लपवून केलेली कॅसेट, तीत गाणं कमी आणि कोटाचं अस्तर जास्त ऐकू येतं. चष्मेवाला म्हणतो, कॅसेटच खरी, बाकी सगळी सारवासारव. डॉक्टर डोळे मिटून म्हणतो, रेकॉर्डमध्ये ऊब आहे. अहो, ऊब हवी तर पांघरूण घ्या! एकदा काय झालं, रेकॉर्डमधला एक खोकला सीडीत चार सेकंद उशिरा येतो, असं चष्मेवाल्यानं घड्याळ लावून सिद्ध केलं, डॉक्टरनं ते अमान्य केलं, आणि एक लोकांच्या डोळ्यांत बघणारा, एक लोकांच्या तोंडात बघणारा, दोघं तीन आठवडे एकमेकांचं तोंड बघेनात. कुणाच्या खोकल्यावरून, तर जो आता बहुतेक खोकायलाही शिल्लक नसेल अशा माणसाच्या. मला बायको पाठवायची म्हणून मी जायचो, ‘जा जरा, घरात बसून माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावू नका.’ कोपऱ्यात बसायचो. माझा काय संबंध?

एक गोष्ट मात्र मी मनात टिपून ठेवली होती. कोटवाल्या कॅसेटमध्ये ती आरोळी नाही. ह्यांनी त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता, कोटवाला उजवीकडे बसला होता आणि साडू डावीकडे. झालं. अख्ख्या सभागृहातला चहाचा पेला पडलेला ऐकू येतो, पण डावीकडचे साडू ऐकू येत नाहीत. मी गप्प बसलो. फाइल आपोआप वर येते, हा माझा अनुभव आहे.

आली. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं सगळंच्या सगळं बाहेर काढलं, तीन रात्रींचे तीन कार्यक्रम, अकरा सीड्या, ‘काहीही न कापता’. पेटी एवढी जड की डॉक्टरनं ती दोन्ही हातांनी आणली. पहिली रात्र लावली. ती जागा आली. ड्रमवाला थांबतो... सगळे साडूंकडे बघताहेत, साडू विनयानं जमिनीकडे बघताहेत... आणि ड्रम सुरू. आरोळी नाही. पुन्हा लावली. नाही. दुसऱ्या रात्रीची तीच जागा, तिसऱ्या रात्रीची. नाही. साडू म्हणाले, कापली. डॉक्टर उसळला, काहीही न कापता म्हणतात आणि नेमका आपला माणूस कापतात! कंपनीला निषेधाचं पत्र पाठवायचं ठरलं. लिहिणार कोण? कारकून. मी म्हटलं, संदर्भासाठी ती आतली पुस्तिका द्या. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. खोकला घड्याळावर मोजणारी माणसं, पण पुस्तिका उघडायची नाही. डॉक्टर म्हणतो कसा, ‘आम्ही ऐकणारी माणसं, वाचणारी नव्हे.’

पान बावन्न. बारीक टाइप. ध्वनिमुद्रण करणाऱ्याची मुलाखत. तो सांगतो, तिन्ही रात्री सभागृह अर्धं रिकामं होतं आणि आलेले लोक भलतेच शांत होते, म्हणून पहिल्या रेकॉर्डसाठी आम्ही कपाटातल्या एका फुटबॉल सामन्याच्या टेपवरून गर्दीचा आवाज घेतला आणि मधे मधे चिकटवला, त्यात एक प्रेक्षक गोलकीपरवर ओरडतो, ते इतकं चपखल बसलं की ठेवून दिलं.

आता खरं सांगतो, पुस्तिका मिटता आली असती. पत्ता तेवढा उतरवून घ्यायचा आणि पत्र लिहायचं. साडूंनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं होतं. पण मला सासूबाई दिसल्या हो! मी मोठ्यानं वाचलं. सावकाश, विरामचिन्हांसकट. चष्मेवाला म्हणाला, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा कुणी न सांगताच सुरुवात केली होती.

साडूंनी पेनाला टोपण परत लावलं. म्हणाले, “मग मी त्या सामन्याला गेलो असेन.”

चष्मेवाल्याला हसू फुटलं, त्याचं बघून डॉक्टरला, आणि डॉक्टर हसला म्हणजे त्याचे सगळे दात दिसतात, त्याचेच आहेत. पुढच्या रविवारी मधल्या खुर्चीत डॉक्टर. साडू आत आले तर, “या, गोलकीपर, तुमची जागा तिकडे,” आणि पेशंटच्या लहान मुलांसाठी दाराजवळ एक बुटकं स्टूल ठेवलेलं असतं, तिकडे बोट. सत्तरीचा माणूस, गुडघे हनुवटीला टेकलेले. पहिली रेकॉर्ड लावली, आरोळीची जागा आली, आणि दोघं त्यांच्याकडे वळून एका सुरात ओरडले, झोपलास काय! साडू हसले. मग पुन्हा सुई मागे घेतली. पुन्हा ओरडले. साडू पुन्हा हसले. त्याच्या पुढच्या रविवारी साडूंना निरोप गेला, बैठक रद्द. मला निरोप आला, दहा वाजता या. आणि मी गेलो. खुर्ची रिकामी होती, बसलो. तुम्हाला सांगतो, मधल्या खुर्चीत आवाज खरंच दोन्हीकडून सारखा येतो. पण साडूंना बोलावणं मी बंद केलं नव्हतं, त्या दोघांनी केलं. माझा काय संबंध?

मग ताई आल्या, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती. मला वाटलं, भांडायला आल्या. बायकोनं तेवढ्यासाठी चहा लांबवला होता. तर ताई शांत. म्हणाल्या, ते जेवतात, पेपर वाचतात, पण बोलत नाहीत, रेकॉर्ड पलंगाखाली टाकलीय. मी म्हटलं, ताई, छापलं होतं ते वाचलं, माझं काय चुकलं? त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं आपण खिडकीपाशी अर्ज चुकवून आणलेल्या माणसाकडे बघतो.

“भाऊजी, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी ती रेकॉर्ड ऐकवली तेव्हाच कळलं, हा आवाज ह्यांचा नव्हे. ह्या माणसाला ओरडताच येत नाही. म्हणून तर हो म्हटलं.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

“मला गरज पडली नाही. तुम्हाला पडली.”

चहा झाला. कप खाली ठेवताना म्हणाल्या, रविवारपासून ते तुमच्याकडे येतील, मी त्यांना सांगितलंय, तुम्हीच बोलावलंय म्हणून. विषय संपला. बायको मान डोलावतेय, जणू हुकूम वरून आलाय.

आणि साडू येतात हो. अकरा सीड्यांची पेटी स्वतः विकत घेतलीय, ती उराशी धरून येतात. त्यांचं म्हणणं असं, की रेकॉर्डवरची आरोळी त्यांची नसेल, मान्य. पण ते कार्यक्रमाला गेले होते आणि काहीतरी ओरडले होते, हे नक्की. तीनपैकी कुठल्या रात्री गेले होते ते आठवत नाही, काय ओरडले तेही आठवत नाही. म्हणजे कुठेतरी असणारच, काहीही कापलेलं नाही ना! तेव्हा पहिल्यापासून सगळं ऐकायचं. मी कागद-पेन घेऊन शेजारी. मिनिट, सेकंद, आवाजाचं स्वरूप. आवाज मोठा करून कान स्पीकरला लावून बसतात. बायको दार लावून घेते, म्हणजे आम्हाला आत आणि स्वतः बाहेर.

गेल्या रविवारी चौथी सीडी. गाणं संपलं, तुरळक टाळ्या, मग शांतता, आणि त्या शांततेत लांब मागे कुणीतरी शिंकलं. साडूंनी थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा शिंक. माझ्याकडे बघायला लागले. डोळे असे... मी चौतीस वर्षांत खोट्या कागदावर एकही सही केलेली नाही. साहेबांनी सांगून केली नाही, मेहुण्याच्या नळासाठी केली नाही. पण त्या दिवशी घसा साफ केला आणि म्हणालो, “साडूभाऊ, तुमचीच. अगदी तुमचीच शिंक.”

त्यांनी पुन्हा एकदा ऐकली. डोळे मिटून, नीट.

“नाही,” म्हणाले, “मी असा शिंकत नाही. खोटं कशाला लिहायचं? खोडा ते.”

मी खोडलं. अजून सात सीड्या आहेत.